मंगळवारी न छापणारा संगणक

"आमचा प्रिंटर मंगळवारी छापत नाही," अशी तक्रार शिक्षकांच्या खोलीत कोणी केली तर आपण काय म्हणू? बहुधा हसून म्हणू, "उपास असेल त्याचा!" कागद अडकला असेल, शाई संपली असेल, वायर सैल झाली असेल. पण यांपैकी कोणतीही गोष्ट वार बघून होत नाही.

ही तक्रार मात्र खरीखुरी आहे. २००८-०९ च्या सुमारास 'उबुंटू' ही लिनक्स प्रणाली वापरणाऱ्या एका गृहस्थांनी ती उबुंटूच्या दोषांच्या जाहीर नोंदवहीत लिहिली. निरीक्षण मूळचे त्यांच्या पत्नीचे होते. 'ओपनऑफिस'मधून मंगळवारी काही छापून येत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते शब्दशः खरे निघाले. कसे, ते पुढे पाहूच. त्याआधी एका प्रसिद्ध नियमाची ओळख करून घेऊ. कारण हा लेख त्या नियमाची तपासणी करण्यासाठी लिहिला आहे.

एक निबंध, एक नियम

लिनक्सची सुरुवात १९९१ साली हेलसिंकीत झाली. लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने संगणकाचा कारभार चालवणारी आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. खुली म्हणजे काय? आपण संगणकावर चालवतो तो कार्यक्रम यंत्राच्या भाषेत असतो. तो माणसाने वाचावा असा नसतो. प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर बहुतेक कंपन्या कुलपात ठेवतात. लिनक्सचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा अशी सोय आहे.

जगभर विखुरलेले, एकमेकांना न भेटलेले शेकडो लोक मिळून एवढी गुंतागुंतीची वस्तू बनवतात आणि ती कोसळत नाही, हे कसे? याचे उत्तर अमेरिकन संगणकतज्ज्ञ एरिक रेमंड यांनी १९९७ साली 'द कॅथेड्रल अँड द बझार' या निबंधात दिले. मोजक्या कारागिरांनी बंद दाराआड उभारलेले भव्य चर्च ही एक पद्धत. ज्याला जे जमेल ते घेऊन येणाऱ्यांचा गजबजलेला बाजार ही दुसरी. रेमंड यांचा कौल बाजाराला आहे. त्यांनी केवळ तत्त्वज्ञान सांगितले नाही. 'फेचमेल' नावाचा टपाल आणणारा कार्यक्रम त्यांनी स्वतः बाजाराच्या पद्धतीने वाढवून पाहिला आणि त्या अनुभवावर निबंध लिहिला. निबंधाचा परिणामही मोठा झाला. १९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा मूळ मजकूर खुला करण्याचे जाहीर केले, त्यामागे या निबंधाचीही प्रेरणा होती.

या निबंधातला एक नियम सर्वांच्या तोंडी बसला आहे. रेमंड यांनी त्याला टोरवाल्ड्स यांचे नाव देऊन 'लिनसचा नियम' म्हटले. त्याचा आशय असा, की तपासणारे डोळे भरपूर असले तर कोणताही दोष फार काळ अवघड राहत नाही. कोणाला ना कोणाला तो सोपा वाटतोच.

ऐकायला हे पटते. दहा जणांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकेत बेरजेची चूक राहणे कठीण, हा आपलाही अनुभव. पण विज्ञानात नियम म्हटला की तो प्रयोगाला उतरावा लागतो. तेव्हा हा नियम काही प्रत्यक्ष घटनांवर घासून पाहू.

मंगळवारचे कोडे

ओपनऑफिसमधून पान छापायला पाठवले की ते थेट प्रिंटरकडे जात नाही. प्रथम त्याची 'पोस्टस्क्रिप्ट' या भाषेत एक फाइल तयार होते. त्या फाइलच्या सुरुवातीच्या ओळींत ती कधी तयार झाली याची नोंद असते, आणि त्या नोंदीत वाराचे इंग्रजी नाव तीन अक्षरांत येते. मंगळवारी तिथे 'ट्यूज्डे'ची पहिली तीन अक्षरे, म्हणजे 'ट्यू' असते.

पुढच्या टप्प्यावर छपाईची यंत्रणा विचारते, ही फाइल कोणत्या प्रकारची आहे? हे ओळखण्यासाठी 'फाइल' याच नावाचा एक छोटा कार्यक्रम लिनक्समध्ये असतो. त्याच्याजवळ खुणांची लांबलचक यादी असते. अमुक जागी अमुक अक्षरे दिसली तर हे चित्र, तमुक दिसली तर हा आवाज, अशी. टपाल कार्यालयात पत्ता वाचून पत्रे वेगळी करतात, तसेच हे काम.

त्या यादीत 'अरलँग' नावाच्या एका संगणकभाषेच्या फाइली ओळखण्याची खूण होती. त्या फाइलींत ठराविक जागी मंगळवार, २२ जानेवारी १९९१ ही तारीख आणि एक वेळ लिहिलेली असते. (हा दिवस खरोखरच मंगळवार होता का, हे विद्यार्थ्यांनी आकडेमोड करून पाहावे.) यादीच्या नियमानुसार खुणेत मोकळी जागा असेल तर तिच्याआधी एक तिरकी रेघ द्यावी लागते. नाहीतर खूण तिथेच संपली असे समजले जाते. ती रेघ द्यायची राहून गेली. त्यामुळे संपूर्ण तारखेऐवजी तिचा पहिला शब्दच, म्हणजे 'ट्यू', ही खूण ठरली.

आता कोडे उलगडते. मंगळवारी तयार झालेल्या पोस्टस्क्रिप्ट फाइलीत नेमक्या त्याच जागी 'ट्यू' येत होते. 'फाइल' कार्यक्रम सांगे, ही अरलँगची फाइल आहे. छपाईची साखळी म्हणे, मग हिचे माझ्याकडे काय काम? आणि पान गुपचूप टाकून दिले जाई. बुधवारी सगळे पुन्हा सुरळीत.

प्रिंटर, ओपनऑफिस आणि छपाईची यंत्रणा यांपैकी कोणीच मूळ अपराधी नव्हते. दोष होता तिसऱ्याच कार्यक्रमाच्या यादीतल्या एका न दिलेल्या रेघेत.

ही घटना लिनसच्या नियमाच्या बाजूची की विरोधातली? एका अर्थी बाजूची. खुणांची यादी खुली होती, म्हणूनच कोणाला तरी ती उघडून रेघ कुठे राहिली ते दाखवता आले. मजकूर कुलपात असता तर त्या बाईंना वर्षानुवर्षे मंगळवारची छपाई सोमवारीच उरकावी लागली असती.

पण थोडे खोलात जाऊ. ती यादी आधीपासून खुलीच होती. कितीतरी जणांना ती वाचता आली असती, तरी चूक दिसली नाही. मूळ मजकुराकडे पाहणाऱ्या डोळ्यांना जे दिसले नाही, ते मूळ मजकूर न पाहणाऱ्या डोळ्यांमुळे सापडले. निबंधाच्या नंतरच्या आवृत्तीत रेमंड म्हणतात, की ज्यांना मूळ मजकुराची जाण नसते असे वापरकर्ते वरवरची लक्षणे सांगतात, आजूबाजूची परिस्थिती गृहीत धरून सांगायची विसरतात, आणि दोष हमखास पुन्हा कसा घडवावा याची कृती क्वचितच देतात. सरासरीने हे खरे असेल. पण 'मंगळवारी करून पाहा' याहून स्वच्छ कृती कोणती? ती देणाऱ्या बाईंना आज्ञावलीचे अक्षर वाचावे लागले नाही. त्यांनी दोन गोष्टी केल्या. अपयश कधी येते हे लक्षात ठेवले, आणि केव्हा येत नाही हेही लक्षात ठेवले.

जिथे डोळे असून दिसले नाही

दुसरी घटना 'डेबियन'ची. डेबियन ही लिनक्सची एक मोठी व जुनी आवृत्ती, आणि उबुंटू तिच्यावरच उभारलेली आहे. गुप्त संदेशांसाठी लागणाऱ्या किल्ल्या बनवण्याचे काम 'ओपनएसएसएल' हा संच करतो. किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी, कोणालाही अंदाज बांधता येऊ नये अशी संख्या.

२००६ साली डेबियनमध्ये या संचाच्या मजकुरात एक लहानसा बदल झाला. मजकूर तपासणारी साधने एका ठिकाणी इशारा देत होती, की इथे अजून किंमत न भरलेली स्मृती वापरली जात आहे. त्या इशाऱ्याला कारण ठरणाऱ्या ओळी काढून टाकण्यात आल्या. बदल करणाऱ्याने आधी जाणकारांना विचारलेही होते. इशारा थांबला. पण त्यांतली एक ओळ किल्लीत अनिश्चितता मिसळण्याचे मुख्य काम करीत होती. ती गेल्यावर किल्ली ठरवणारी बदलती गोष्ट एकच उरली. प्रत्येक चालू कार्यक्रमाला मिळणारा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८. ज्या किल्लीचा अंदाज विश्वाच्या वयातही बांधता येऊ नये, ती ३२,७६८ शक्यतांत सापडू लागली. तेवढ्या किल्ल्या साधा संगणक बघता बघता तपासून टाकतो.

हा दोष मे २००८ पर्यंत, म्हणजे सुमारे दीड-दोन वर्षे, सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. मजकूर खुला, बदलही खुला. तरी दिसला नाही, कारण काहीच बिघडले नव्हते! किल्ल्या तयार होत होत्या, कुलपे उघडत होती. दुखले नाही तर कोणी वैद्याकडे जात नाही. शेवटी डेबियनचेच एक विकासक लुसियानो बेलो यांनी तो उघडकीस आणला.

या घटनेतून दोन गोष्टी कळतात. एक, पाहता येणे आणि पाहिले जाणे यांत अंतर आहे. दोन, तक्रार बंद करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. इशारा का येतो हे पुरते न समजता तो गप्प करणे हे ताप का आला ते न पाहता तापमापक फेकून देण्यासारखे आहे.

तिसरी घटना मार्च २०२४ ची. फाइली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या संचात कोणीतरी मुद्दाम चोरवाट बसवली होती. हा दोष चुकून राहिलेला नव्हता, पेरलेला होता. पेरणाऱ्याने सुमारे दोन वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला होता. वाचता येणाऱ्या मजकुरात ती चोरवाट सरळ दिसत नव्हती. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, माणसाला न वाचता येणाऱ्या फाइलींत ती दडवलेली होती.

ती सापडली कशी? आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते डेबियनच्या 'अनस्टेबल' आवृत्तीवर भलत्याच कामासाठी वेग मोजत होते. दूरच्या संगणकात प्रवेश करण्याच्या क्रियेला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसरही नको इतका राबतो, हे त्यांना खटकले. अर्धा सेकंद! आपल्यापैकी कोणीही "नेट मंद असेल" म्हणून सोडून दिला असता. त्यांनी पाठपुरावा केला, आणि चोरवाट जगभरच्या संगणकांत पसरण्याआधीच पकडली गेली.

इथे डोळ्यांची संख्या होती एक. पण त्या डोळ्याला नेहमीचा वेळ किती लागतो हे ठाऊक होते. म्हणून नेहमीपेक्षा वेगळे काय, हे त्याला दिसले.

सोमवारची शाळा

आता जवळचा अनुभव. काही काळापूर्वी आमच्या ओळखीच्या एका शाळेतून निरोप आला. संगणक-खोलीतल्या चार लिनक्स संगणकांवर संकेतस्थळे उघडत नव्हती. 'हे ठिकाण सुरक्षित नाही' असा इशारा येई. दुरुस्तीवाल्याने दोनदा सगळे पुसून प्रणाली नव्याने घातली होती. दोन्ही वेळा चार-पाच दिवस बरे गेले आणि दुखणे पुन्हा उपटले. "लिनक्सच असं आहे, सर. विश्वासाचं नाही," असे त्याचे निदान होते.

आम्ही गेलो त्या दिवशी सर्व संगणक ठणठणीत होते. अशा वेळी पाहुण्या तज्ज्ञाची फार पंचाईत होते. आम्ही बाईंना विचारले, "हे नेमकं कधी होतं?" त्या म्हणाल्या, "कधीही होतं हो. काही नेम नाही." तेवढ्यात मागच्या बाकावरून नववीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आपल्या वर्गाला नेहमी होतं. ब वर्गाला नाही होत." बाईंनी तिला गप्प केले. आम्ही वेळापत्रक मागवले. त्या वर्गाचा संगणकाचा तास सोमवारी पहिला होता आणि ब वर्गाचा गुरुवारी.

पुढचे सोपे होते. रोज संध्याकाळी संगणक नुसते बंद केले जात, भिंतीवरचे बटण चालूच राही. शनिवारी मात्र शिपाईमामा मुख्य बटण खाली ओढून जात. संगणक बंद असतानाही त्याचे घड्याळ चालू ठेवायला आत नाण्याएवढी बॅटरी असते. या चार जुन्या संगणकांतल्या बॅटऱ्या संपल्या होत्या. आठवडाभर भिंतीतल्या विजेवर घड्याळ तगून राही. रविवारी वीजच नसल्याने ते थांबे, आणि सोमवारी संगणक काही वर्षे मागच्या तारखेला जागा होई. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य ते लिहिलेले असते. मागच्या तारखेत वावरणाऱ्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे वाटे, आणि तो प्रामाणिकपणे इशारा देई. नेटवरून वेळ जुळवण्याची सोय बंद ठेवलेली होती. सोमवारी दुपारी कोणीतरी हाताने घड्याळ लावी आणि त्याचे कारण कोणालाच सांगत नसे. प्रणाली नव्याने घालतानाही तारीख लावली जाई, म्हणून 'बरे' वाटे.

चार बॅटऱ्या बदलल्या, वेळ जुळवण्याची सोय सुरू केली, काम झाले. दोनदा पुसलेल्या संगणकांवरचे मुलांचे वर्षभराचे काम मात्र परत आले नाही. आणि कारणाचा मागही तिथेच पुसला गेला होता. लिनक्स आपल्या कारभाराची रोजनिशी लिहीत असते. कोणती क्रिया केव्हा सुरू झाली, कोठे अडली, हे त्यात वेळेसह नोंदलेले असते. ती रोजनिशी कोणी उघडली असती तर नोंदींच्या तारखा एकदम काही वर्षे मागे उडी घेताना दिसल्या असत्या. पुसून टाकणे म्हणजे पंचनाम्याआधी जागा धुऊन काढणे होय.

आमच्या मनात राहून गेली ती मात्र ती मुलगी. तिने मंगळवारच्या बाईंसारखेच निरीक्षण केले होते. कधी घडते आणि कधी घडत नाही, दोन्ही सांगितले होते. तिला गप्प बसवले गेले, कारण ते निरीक्षण हास्यास्पद वाटले. संगणकाला वर्ग कसा कळेल?

जे फक्त आपल्यालाच दिसेल

कोणी म्हणेल, असे दोष शोधणे तज्ज्ञांचे काम, आपण कशाला पडावे? याला उत्तर म्हणून एक मराठी प्रयोग सुचवतो. तो वर्गात सहज करता येतो.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. एका रफाराचा फरक. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. र चा ०९३० आणि ऱ चा ०९३१. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो. पहिला प्रकार म्हणजे द, ऱ, हलन्त, य, काना ही पाच चिन्हे. दुसरा म्हणजे द, र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, य, काना ही सहा चिन्हे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारे शोधला तर साध्या संपादकांत बहुधा सापडत नाही. विद्यार्थी चक्रावून जातो. शब्द तर समोर दिसतो आहे!

दोन शब्द दोन वेगळ्या फाइलींत साठवा आणि फाइलींचा आकार मोजायला सांगा. युनिकोडच्या यूटीएफ-८ या नेहमीच्या साठवणीत यांतले प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणून एक शब्द १५ बाइटचा, दुसरा १८ चा. ओळ संपल्याचे चिन्ह धरले तर दोन्हीत एकेक बाइट वाढेल, फरक ३ चाच राहील. डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असे मापाने पकडता येते.

आता समजा, एखाद्या कार्यक्रमात 'दऱ्या' लिहिले तर 'दर्या' दिसते. दोष कळफलकाचा, साठवणीचा, अक्षरे जोडणाऱ्या यंत्रणेचा की टंकाचा? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टंक बदलून दोष गेला, तर टंकाकडे पाहा. टंक तोच ठेवून दुसऱ्या कार्यक्रमात दोष गेला, तर जोडणीकडे. दोन्हीकडे राहिला, तर साठवलेली चिन्हे मोजा. हे सगळे सातवी-आठवीच्या मुलांना जमते, आणि एका वेळी एकच चल बदलण्याचे जे तत्त्व आपण लंबकाच्या प्रयोगात शिकवतो, तेच इथे वापरले जाते.

या प्रयोगात लिनसच्या नियमाची खरी मर्यादा दिसते. हेलसिंकीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या कितीही निष्णात डोळ्यांनी पाहिले तरी 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' आले हे त्यांना कळणार नाही. त्यांच्या दृष्टीने तिथे दोष नाहीच. तो पाहायला मराठी वाचणारा डोळा हवा. तो डोळा गप्प बसला तर तो दोष जगाच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

मग निबंधाचे मोल काय?

रेमंड यांचा निबंध टाकाऊ आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. खुलेपणाशिवाय मंगळवारचे कोडे सुटले नसते, आणि एक्सझेडची चोरवाटही एका माणसाला थेट मुळापर्यंत शोधता आली नसती. खुलेपणा आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. गणितात आपण आवश्यक अट आणि पुरेशी अट यांत फरक करतो. 'लिनसचा नियम' म्हणून जे वाक्य सर्वत्र फिरते, ते हा फरक पुसून टाकते.

गंमत अशी, की याच निबंधात एक अधिक मोलाची गोष्ट आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. रेमंड यांनी हा नियम मांडला तेव्हा खुद्द टोरवाल्ड्स यांनी त्याला दुरुस्ती सुचवली. दोष प्रथम हेरणारा आणि तो समजून दुरुस्त करणारा ही बहुधा वेगवेगळी माणसे असतात, आणि दोघांत हेरण्याचे काम अधिक अवघड असते, असे त्यांचे मत होते. रेमंड यांनी ते प्रामाणिकपणे नोंदवले आहे. आमच्या मते नियम म्हणून हेच वाक्य फिरायला हवे होते. कारण डोळ्यांची संख्या वाढवणे आपल्या हातात नाही, पण हेरायला शिकवणे आहे. शाळा त्यासाठीच असते.

हेरणे म्हणजे काय, हे शिकायचे तर १९९९ साली सायमन टॅथम यांनी लिहिलेला, दोष कसा कळवावा यावरचा छोटा निबंध रेमंड यांच्या निबंधाहून उपयोगी पडेल. प्रत्यक्ष काय घडले आणि आपल्याला काय वाटते, या दोन गोष्टी वेगळ्या सांगा, हा त्यातला मुख्य आग्रह. 'प्रिंटर बिघडला' हा तर्क झाला. 'मंगळवारी पान आले नाही, बुधवारी तेच पान आले' हे निरीक्षण झाले. प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान यांना आपण वेगळे रकाने देतो, ते याचसाठी.

म्हणून शिक्षकांना एक साधी सूचना. संगणक-खोलीत एक वही ठेवावी. तिच्यात पाच रकाने असावेत. कधी, काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले (पडद्यावरचा इशारा जसाच्या तसा उतरवून), आणि हेच केव्हा किंवा कुठे होत नाही. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच रिकामा राहतो. वही मुलांनी मराठीत भरावी. दोषांच्या जाहीर नोंदवह्या बहुतेक इंग्रजीत आहेत ही अडचण खरी. पण नीट लिहिलेल्या पाच मराठी वाक्यांचे भाषांतर इंग्रजीच्या शिक्षकांसाठी अर्ध्या तासाचे काम आहे. न केलेल्या निरीक्षणाचे भाषांतर मात्र कोणालाच करता येत नाही.

तास वाया जाऊ नये म्हणून कधी कधी सगळे पुसून नव्याने सुरुवात करावी लागते, हे आम्हालाही मान्य आहे. चाळीस मुले खोळंबली असताना कोणी संशोधन करीत बसत नाही. मात्र पुसण्यापूर्वी मुलांचे काम आणि संगणकाची रोजनिशी यांची प्रत काढून ठेवावी, आणि वहीत लिहावे, 'कारण कळले नाही.' ही तीन शब्दांची नोंद लाजिरवाणी नाही. 'लिनक्सच असं आहे' या निदानापेक्षा ती कितीतरी वैज्ञानिक आहे.

यंत्र लहरी नसते. ते लहरी वाटते, कारण त्याचा नियम अजून आपल्याला दिसलेला नसतो. मूल 'आमच्या वर्गालाच होतं' असे म्हणते, तेव्हा ते त्या नियमाचे एक टोक आपल्या हातात देत असते. अशा वेळी हसण्याआधी वेळापत्रक मागवावे.